बावीस पावलांचा व्हरांडा

३ फेब्रुवारी

बाबा,

आईच्या पाकिटात तुमच्यासाठी चिठ्ठी घालून पाठवायचं मी आता बंद केलं आहे. हे पत्र तुमच्या नावाने, तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे सही करून तुम्हालाच घ्यावं लागेल. एकतीस वर्षांत परराष्ट्र खात्यात आलेलं एकही पाकीट तुमच्या हातून परत गेलेलं नाही. मुलीचंही जाणार नाही, असा माझा हिशेब आहे.

चौदा महिने झाले. तुमचं शेवटचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. टेबलावर परराष्ट्र सेवेच्या मुलाखतीचं पत्र होतं. त्याच्या शेजारी मी या बिगरसरकारी संस्थेचं नेमणूकपत्र ठेवलं. तुम्ही दोन्हीकडे बघून म्हणालात, "मी ज्या दाराबाहेर स्टुलावर बसतो त्या दाराच्या आत तू बसावंस, एवढंच होतं. आता तू समोरच्या बाजूला गेलीस." आणि चहा अर्धा टाकून उठलात. त्यानंतर मी तुमच्या पाठीला बरंच काही ऐकवलं. सरकारच्या बाहेर राहूनही जगाचं काम करता येतं, वगैरे. त्यातलं निम्मं पुस्तकातलं होतं, हे आज कबूल करते. उरलेलं निम्मं अजूनही मला तसंच वाटतं.

आता कामाबद्दल. खोलीत कोण काय बोललं ते मी लिहिणार नाही. लिहिलं तरी तुम्ही वाचणार नाही. फाईल उचलायची, वाचायची नाही, हा तुमचा नियम मी पाटीपेन्सिलीच्या वयापासून ऐकत आले आहे. पण दरवाजे आणि खुर्च्या यांबद्दल लिहायला हरकत नसावी. धोरण साहेबांचं, खुर्च्या आपल्या.

तलावातल्या सात बेटांवरच्या लोकांनी बारा वर्षांपूर्वी स्वतःचं मंडळ काढलं, हे तुम्हाला माहीतच आहे. आपलं सरकार ते मंडळ मानत नाही. मानत नाही म्हणून त्याच्याशी बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून दवाखान्याची बोट तिथे जात नाही. आम्हाला फक्त ती एक बोट हवी आहे. दर बुधवारी एक डॉक्टर, दोन नर्स आणि लशींची पेटी. सरकारने ती अडवायची नाही, मंडळाने ती किनाऱ्याला लागू द्यायची. शेजारच्या देशाने बोलणी करायला तलावाकाठचं जुनं जकातघर आम्हाला वापरायला दिलं आहे. बोट आणि डॉक्टर मार्चअखेरपर्यंत राखून ठेवले आहेत. तोवर सह्या झाल्या नाहीत तर बोट दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या तलावावर जाईल. तिथेही आजारी माणसं आहेतच, म्हणून मला रागावताही येत नाही.

आणि आम्ही कुठे अडलो आहोत? दारात. दोन्ही पक्षांना आधी आत जायचं आहे. शिवाय बेटांवरच्या मंडळींनी काल पट्टी आणून मोजून दाखवलं, की त्यांच्या खुर्च्या सरकारी खुर्च्यांपेक्षा दोन बोटं बुटक्या आहेत. आमच्या संचालिका बाई पूर्वी जहाजावर नर्स होत्या. त्या म्हणाल्या, "वादळात मी कुणाला खुर्ची मोजताना पाहिलं नाही. आपल्याकडे वादळ नाही, हीच अडचण आहे."

तब्येत जपा. गुडघ्याचं तेल संपलं असेल.

तुमची,
मुलगी

१९ फेब्रुवारी

बाबा,

रविवारी आईला फोन केला. ती म्हणाली, "तुझे बाबा तुझं पत्र वाचत नाहीत हं. तसं त्यांनी सांगूनच ठेवलंय. पण काल जेवताना भिंतीकडे बघून बोलत होते."

"भिंतीला काय म्हणाले?"

"म्हणाले, दोन दारं असली की घंटा एकच लागते. घंटा झाली की दोन्ही दारं एकदम उघडायची. कोण आधी आलं हे कुणालाच दिसत नाही. मग भात घेतला आणि म्हणाले, खुर्च्या दोन ठिकाणांहून आणल्या की असंच होणार. एका खोलीतल्या निम्म्या खुर्च्या दुसऱ्या खोलीत न्याव्यात. म्हणजे दोघांकडे बुटक्याही, उंचही. भांडतील ते आपसात."

बाबा, सोमवारी आम्ही घंटा लावली. मंगळवारी खुर्च्या वाटल्या. बुधवारी तुमचे उपसचिव साहेब स्वतःच्याच कायदा अधिकाऱ्याशी उंच खुर्चीवरून हुज्जत घालत होते, आणि दुसऱ्या खोलीत बेटांवरच्या दोघांचं तेच चाललं होतं. बाईंनी मला विचारलं, ही युक्ती कुणाची? मी म्हटलं, एका भिंतीची.

भिंतीला माझे धन्यवाद सांगा, असं मी आईला म्हटलं. तिने ते सांगितलं म्हणे, आणि भिंत नुसतीच हं म्हणाली. जे दोन पक्ष एकमेकांना ओळख देत नाहीत, त्यांच्यामध्ये तिसरा माणूस निरोप घेऊन ये-जा करतो. आमच्या धंद्यात यालाच मध्यस्थी म्हणतात. मी त्यासाठी पाच वर्षं शिकले. आई हे काम पोळ्या लाटता लाटता करते.

माझं काम म्हणजे व्हरांडा. तलावाकडच्या खोलीत बेटांचं मंडळ बसतं, रस्त्याकडच्या खोलीत आपलं सरकार, आणि मधला व्हरांडा माझ्या बावीस पावलांचा आहे. कागद एका खोलीतून घ्यायचा, बाईंना दाखवायचा, दुसऱ्या खोलीत न्यायचा. एका दिवसात मी एकसष्ट फेऱ्या केल्या आहेत. तुम्ही म्हणायचात, "शिकून साहेब हो, म्हणजे फायली वाहाव्या लागणार नाहीत." तर शिकले, आणि फायलीच वाहते आहे. हे लिहिताना मला हसू येतंय. तुम्हाला येत नसेल.

माझ्या पदवीच्या प्रबंधाचं नाव आठवतं का? 'राज्य आणि बिगर-राज्य घटक'. तुम्ही विचारलं होतं, "बिगर-राज्य म्हणजे जे जे राज्य नाही ते सगळं? मग मी, तू, दूधवाला, सगळेच की." मी तुम्हाला अर्धा तास व्याख्या समजावली होती. माफ करा. तुमची व्याख्या बरोबर होती. पुस्तकात राज्य म्हणजे एक मोठं वर्तुळ असतं आणि आमच्यासारखे त्याच्या कडेचे ठिपके. इथे मला वर्तुळ कुठेच दिसत नाही. सरकार म्हणजे सर्दी झालेले एक साहेब, जे रुमाल विसरून येतात. मंडळ म्हणजे बेटांवरच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, ज्या माझ्या मसुद्यातल्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत देतात आणि खाली 'अक्षर सुधारा' असं लिहितात. टाईप केलेल्या कागदावर.

त्या मास्तरीणबाईंच्या शाळेत एकेचाळीस मुलं आहेत आणि एकालाही लस मिळालेली नाही. त्यांनी हे एकदाच सांगितलं, पुन्हा नाही.

एक गंमत सांगते. आमच्याकडे सगळे फोल्डर पांढरे, फितीही पांढऱ्या. निळा रंग सरकारच्या झेंड्यात आहे, हिरवा मंडळाच्या. पिवळा चालेल का विचारलं, तर तो शेजारच्या देशाचा निघाला. बाई म्हणाल्या, "पांढराच बरा. तो कुणाचाच नाही."

तुमची,
मुलगी

११ मार्च

बाबा,

शेवटच्या फेरीसाठी आपल्या सरकारने माणसांची यादी पाठवली आहे. उपसचिव, कायदा अधिकारी, एक शिपाई. शिपायाचं नाव यादीत देत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. नुसतं 'एक शिपाई'.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मला काही माहीत नाही बाई. कोट मात्र इस्त्रीला दिलाय."

मी लगेच बाईंकडे गेले आणि सांगून टाकलं, की सरकारच्या बाजूने येणारा शिपाई बहुतेक माझे वडील आहेत. लपवणं बरोबर नव्हतं. शिवाय हेही सांगितलं, की ते माझ्याशी बोलत नाहीत. बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग अडचण कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "इथे येणारे कोणीच एकमेकांशी बोलत नाहीत. नातं छत्रीसारखं दाराबाहेर ठेवायचं. जाताना आपापली घेऊन जायची."

सह्या कशा होणार ते सांगते, कारण त्यात गुप्त काही नाही. सरकार मंडळासोबत एका कागदावर सही करू शकत नाही. केली तर मंडळाला मानल्यासारखं होतं. म्हणून दोन कागद. सरकारचा कागद आमच्या संस्थेशी, मंडळाचा कागद आमच्या संस्थेशी. बोट तीच, बुधवार तोच. फरक एका ओळीत आहे. सरकारी कागदात 'बेटांवरील रहिवाशांसाठी' असं आहे, तर मंडळाच्या कागदात 'बेटांच्या मंडळाच्या संमतीने'. ती ओळ चुकून समोरच्या खोलीत दिसली, तर तो पक्ष उठून जाणार. दोघांनीही तसं बजावून ठेवलं आहे.

दोन्ही कागद मी टाईप केले आहेत. मी अजिबात घाबरलेली नाही. कालपासून तीनदा नखं कापली, एवढंच.

तुमची,
मुलगी

३ एप्रिल

बाबा,

तुम्ही तिथेच होतात, तरी मी तुम्हाला सगळं सांगणार आहे, कारण तुम्ही दाराच्या एका बाजूला होतात आणि मी व्हरांडाभर.

घंटा झाली, दोन्ही दारं उघडली, सगळे आपापल्या खोल्यांत गेले. मी पहिला निरोप घेऊन रस्त्याकडच्या खोलीशी आले, तर तुम्ही स्टुलावर. मला बघून तुम्ही उभे राहिलात. बाबा, तुम्ही माझ्यासाठी उभे राहिलात तेव्हा मला पळून जावंसं वाटलं.

"नमस्कार मॅडम."

"नमस्कार. प्रवास ठीक झाला ना?"

"सरकारी प्रवास ठीकच असतो, मॅडम."

बस्स. जवळजवळ सोळा महिन्यांनंतर एवढंच, आणि तेही सरकारतर्फे. बोटीचे डॉक्टर व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. मला हळूच म्हणाले, "तो शिपाई तुझ्यावर चिडलेला दिसतो."

"त्यांचा चेहराच तसा आहे."

"तुला काय माहीत?"

"आमच्या घरी तसाच एक आहे. माझा."

दुपारी अडीचला दोन्ही कागद कायम झाले. साहेबांची गाडी चारला होती. मी दोन फोल्डर बांधले, बाईंनी मान हलवली. पहिलं तलावाकडच्या खोलीत मास्तरीणबाईंच्या हातात दिलं. दुसरं घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही ते घेतलंत, दार ढकललंत, आत गेलात. मी परत फिरले. मला इतकं हलकं वाटत होतं की मी पावलं मोजायची विसरले.

"मॅडम."

मी शाळेत असताना गृहपाठ न करता अंगणात पळाले, की ज्या आवाजात तुम्ही हाक मारायचात, तोच आवाज. फक्त शब्द वेगळा. वळले तर तुम्ही दारात, फोल्डर छातीशी दोन्ही हातांनी धरलेलं.

"हे समोरच्या खोलीचं आहे," तुम्ही म्हणालात.

मी फीत ओढली. दुसरी ओळ: 'बेटांच्या मंडळाच्या संमतीने'. पांढरं फोल्डर, पांढरी फीत. कुणाच्याच रंगाचं नको म्हणून आम्ही इतकी काळजी घेतली, की आम्हालाच ओळखू येईनात.

"तुम्ही उघडलंत?"

"वजनावरून कळलं, मॅडम."

आतून साहेब शिंकले आणि म्हणाले, "काय झालं तिकडे?"

आणि तुम्ही, ज्यांनी उशिरा येण्याचं कारण बसला उशीर झाला असं असलं तरी दोनदा विचार करून लिहिलं, ते वळूनही न बघता म्हणालात, "फीत सुटली होती साहेब. बांधून आणतो."

बावीस पावलं मी किती उड्यांत गेले सांगता येत नाही. डॉक्टर बाकावरून उठून उभे राहिले, एवढं दिसलं. तलावाकडच्या खोलीत मास्तरीणबाई खिडकीतून पाणी बघत बसल्या होत्या. सरकारचा कागद त्यांच्या टेबलावर होता. पालथा.

"ये," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वर्गाचा पेपर हातात आला तर शिक्षिका काय करते?"

मी त्या कागदाकडे हात पुढे केला.

"पालथा ठेवते आणि परीक्षकाची वाट बघते. धाप लागलीय तुला. पाणी पी, मग ने."

तीन वाजून दहा मिनिटांनी दोन्ही खोल्यांत सह्या झाल्या. तुमचे साहेब जाताना बाईंना म्हणाले, व्यवस्था चोख होती. बाई म्हणाल्या, आमची मुलगी मेहनती आहे. तुम्ही साहेबांची बॅग हातात घेऊन मागे उभे होतात आणि छताकडे बघत होतात. छतावर काहीही नव्हतं, मी नंतर पाहिलं.

चूक मी त्याच संध्याकाळी बाईंना सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्या शिपायाचे आभार मानायला हवेत. पण असं काही घडलेलंच नाही, त्यामुळे संस्थेला ते मानता येणार नाहीत. तू तुझे मान." दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून दोन चित्रं आणली, एक किटलीचं आणि एक सायकलचं, आणि एकेका फोल्डरवर चिकटवली. आतापर्यंत कोणत्याही देशाने किटलीवर हक्क सांगितलेला नाही.

आणि काल बुधवार होता.

मी बोटीतून गेले. बाबा, किनाऱ्यावर एकेचाळीस मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी होती, केस ओले करून विंचरलेले. पहिल्याला सुई टोचली आणि तो रडला नाही. दुसरी रडली. मग पहिल्याला वाटलं आपलं काहीतरी राहून गेलं, तोही रडला. नंतर सगळी रांगच रडायला लागली, ज्यांची पाळी आलीही नव्हती तीसुद्धा, आणि मास्तरीणबाई हसून हसून खाली वाळूत बसल्या. डॉक्टर म्हणाले, इतकं आनंदाचं रडणं त्यांनी पाहिलेलं नाही. एक म्हातारे आजोबा आमच्याशी बोलायलाच आले. त्यांना काही झालेलं नव्हतं. बारा वर्षांत डॉक्टर पाहिला नव्हता म्हणून बघायला आले होते. डॉक्टरांनी त्यांना जीभ दाखवायला लावली आणि ते खूश होऊन घरी गेले.

परत आल्यावर मी एक काम केलं. दोन्ही कागदांच्या प्रती तशाच फोल्डरात घालून टपालाच्या काट्यावर ठेवल्या. बाबा, दोन्हींचं वजन सारखं आहे. अगदी सारखं. मी तीनदा केलं.

मग तुम्हाला कसं कळलं?

हा प्रश्न मी भिंतीला विचारत नाही, आईमार्फतही नाही. तुम्हाला विचारते आहे. उत्तर द्या किंवा नका देऊ, पण मला तुमच्याकडून हवं आहे.

तुमची,
मुलगी

१० एप्रिल

प्रति,
माझी मुलगी,
जुने जकातघर, तलावाकाठी.

विषय: आपली चार पत्रे.
संदर्भ: आपले दि. ३ एप्रिलचे पत्र व त्यातील विचारणा.

वरील चारही पत्रे वेळेवर मिळाली. मला दुसऱ्या पद्धतीचे पत्र लिहिता येत नाही. एकतीस वर्षे हेच बघितले आहे. तरी समजून घ्यावे.

वजनाबाबत. वजनावरून कळले हे मी त्या ठिकाणी सांगितले, ते खरे नाही. साहेबांना फीत सुटल्याचे सांगितले, तेही खरे नाही. फीत मी सोडली. एका दिवसात दोन खोटे बोललो, ही गोष्ट माझ्या सेवेत प्रथमच घडली. फाईल उघडून वाचण्याची गोष्टही प्रथमच.

कारण असे की तो कागद तू केलेला होता. माझ्या मुलीने केलेला कागद दोन पक्षांच्या मधून चालला आहे आणि तो माझ्या हातात आहे, तर तो कसा दिसतो ते मला बघायचे होते. दाराच्या आड उभा राहून बघितला. मजकूर समजून घेण्याचा हेतू नव्हता. फक्त समास सरळ आहेत का ते बघत होतो. समास सरळ होते. मग नजर दुसऱ्या ओळीवर गेली. तुझे ११ मार्चचे पत्र मी वाचलेले होते, म्हणून ती ओळ कुठल्या खोलीची ते लक्षात आले. पत्र वाचले नसते तर लक्षात आले नसते. पत्रे मी वाचतो. तुझ्या आईला हे माहीत आहे. तिने तुला तसे सांगितले नाही कारण मी तसे सांगितले होते.

तू दाराच्या समोरच्या बाजूला गेलीस असे मी बोललो होतो. त्या दिवशी तू समोरून चालत येताना मी पाहिले. तू त्या व्हरांड्यात जशी चालत होतीस तसे आमच्या खात्यात कोणी साहेब चालत नाही. त्यांना कागद दुसऱ्याला द्यायचा असतो. तुला तो पोहोचवायचा असतो. बसल्या जागेवरून मला हा फरक चांगला कळतो. याहून जास्त लिहिता येत नाही.

अक्षर सुधारा, असे त्या बाईंनी टाईप केलेल्या कागदावर का लिहिले, ते मला तीन दिवस विचार करूनही कळले नाही. त्यांना भेटल्यावर विचारीन.

भेटीबाबत. माझ्याकडे असलेला पासपोर्ट सरकारी आहे. तो खात्याच्या कामाशिवाय वापरता येत नाही. म्हणून साधा पासपोर्ट काढण्यासाठी अर्ज केला आहे. फोटो काढणाऱ्याने हसू नका म्हणून दोनदा सांगितले. रजेच्या अर्जावर कारणाच्या रकान्यात 'मुलीची बोट बघणे' असे लिहिले. बाबूने विचारले, हे कारण कशात बसवू? मी म्हटले, कशातही बसवू नका, आहे तसे जाऊ द्या. ते साहेबांपर्यंत गेले. साहेबांनी नाक पुसले व सही केली.

पासपोर्ट मिळाल्यावर पहिल्या बुधवारी तुझी आई व मी येत आहोत. आईने डब्याचे आतापासून काढले आहे. बोटीत डॉक्टर, नर्स, तुझ्या संचालिका व त्या मास्तरीणबाई असे सगळे धरून किती माणसे असतात ते आम्हाला माहीत नाही.

तरी डबा किती जणांचा आणावा, हे उलट टपाली कळवावे.

आपला विश्वासू,
बाबा